एकानं कमी

भूलक्ष्मी टीचर स्वतः दहावीला गणितात पहिल्या खेपेला नापास झाल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी कधी लपवली नाही. उलट नवं पोर शाळेत घालायला आलेल्या आईबापाला त्या पहिल्याच दिवशी ऐकवून टाकायच्या, "बत्तीस मार्क पडले होते मला. तीन कमी. पाढे सगळे तोंडपाठ होते, पण आकडा म्हणजे काय असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्या पोराचं मी तसं होऊ देणार नाही." ऐकणारा मान डोलवायचा आणि बाहेर येऊन बायकोला म्हणायचा, "नापास झालेली बाई गणित शिकवणार म्हणे. देवा मल्लन्ना, आता तूच बघ."

मल्लन्नानं बघितलं की नाही ठाऊक नाही, पण आमच्या मर्रिकुंट्याच्या दोन खोल्यांच्या शाळेत बाईंनी बावीस वर्षं काढली. रोज पाच मैल सायकल मारत यायच्या. साडीचा पदर कमरेला खोचलेला, हँडलला जेवणाचा डबा, डब्यात तांदळाच्या पिठाची थापलेली सर्वपिंडी आणि आंब्याचं लोणचं. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की तळ्यापलीकडं भात लावणाऱ्या बायका म्हणायच्या, "चला गं, पाढे सुरू झाले, म्हणजे दहा वाजले." राग नाकावर. हात मात्र कुणावर उचलला नाही. चुकलं की एका पायावर उभं करायच्या, एवढंच.

शिकवायची तऱ्हा त्यांची त्यांनीच काढलेली. पुस्तकातलं पहिलं पान उघडायच्याच नाहीत. फरशीवर दोरीचं एक कडं टाकायच्या आणि त्यात सीताफळाच्या बिया ठेवायच्या. दुसऱ्या कड्यात चिंचोके. "सांगा, कुठं जास्त?" पोरं मोजायला लागली की ओरडायच्या, "मोजायचं नाही! एक बी, एक चिंचोका, जोड्या लावा. उरेल त्या बाजूला जास्त." महिनाभर नुसत्या जोड्या. बिया आणि पोरं, पोरं आणि चपला, खिडकीचे गज आणि हाताची बोटं. पाच बिया, पाच गज, पाच बोटं यांच्यात सारखं काय आहे हे पोरांच्या तोंडून आल्याशिवाय त्या पाच हा आकडा फळ्यावर लिहीत नसत.

मग आकड्यांचं कडं. पुठ्ठ्यावर लिहिलेले एक, दोन, तीन, चार कड्यात ओळीनं मांडायच्या आणि पुढं तीन टिंबं काढायच्या. "हे मोजायचे आकडे. ही टिंबं म्हणजे अजून आहेत, संपत नाहीत." कुणीतरी विचारायचंच, "संपत कसे नाहीत?" "मग सांग तुझा सगळ्यांत मोठा." "लाख!" "आणखी एक." "कोटी!" "आणखी एक." पोरगं रडकुंडीला येईपर्यंत हा खेळ चालायचा. शून्याचा पुठ्ठा त्या कड्याबाहेर ठेवायच्या. "शून्य बाहेर का, टीचर?" "मेंढरं मोजताना शून्यापासून सुरू करतोस का रे? मेंढरू समोर असेल तेव्हाच मोजशील ना? म्हणून मोजायच्या आकड्यांत पहिला नंबर एकाचा." "मग शून्य कशाला?" "सगळी मेंढरं चरायला गेल्यावर वाडग्यात काय उरतं, ते शून्य." एवढं झाल्यावर आणखी एक मोठी दोरी आणून शून्यासकट सगळ्यांना वेढा घालायच्या. हे मोठं कुटुंब, ते आतलं धाकटं. कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारा, सांगेल.

एका बाबतीत मात्र बाईंनी हट्टच धरला होता. आमच्या गावात धान्य मापताना कुणी एक म्हणत नाही. पहिलं माप पडलं की "लाभ", आणि मग पुढं चालू. खळ्यावर वाढलेली पोरं शाळेतही तसंच मोजायची. बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "हे खळं आहे काय? एकाला एक म्हणायला तोंड दुखतं? लाभ ऐकू आला तर एका पायावर!" दोनचार पोरं एका पायावर उभी राहिली की बाकीच्यांचा लाभ आपोआप बंद व्हायचा. बावीस वर्षं हाच नेम.

आणि मग बीरव्वा आली, वयामुळं थेट दुसरीत.

बीरव्वा म्हणजे मेंढपाळ कुरुमांच्या गट्टय्याची थोरली. सात वर्षांची, काटक, केसांना तेल कमी आणि डोळ्यांत चमक जास्त. आज्याची, तिच्या ताताची, लाडकी. आजा ओदेलू, गुडघे गेल्यापासून मेंढरांमागं जायचा बंद झाला होता, पण सुगीत गावातल्या प्रत्येक खळ्यावर माप त्याच्याच हातचं. हाताला बरकत आहे म्हणायचे. ही पोरगी जन्मल्यापासून त्याच्या मांडीला मांडी लावून खळ्यावर बसलेली.

जोड्या लावण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पण मोजायला सांगितलं की गाडी घसरायची. दहा बिया ठेवा, नऊ म्हणायची. पंधरा ठेवा, चौदा. एकही बी न चुकता बोट लावायची, आकडेही ओठांतल्या ओठांत ओळीनं म्हणायची, आणि शेवटी एकानं कमी. नेहमी एकानंच. बाईंनी समजावून सांगितलं, ओरडून झालं, एका पायावर उभं केलं. "अगं, तुझ्या डोक्यात शेण भरलंय का भुसा?" बीरव्वा बिचारी ओठ दाबून खाली बघायची. सात महिने हे चाललं. शेवटी बाईंनी हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढं पेन्सिलीनं लिहिलं, मंद.

संक्रांत झाली आणि गट्टय्या शाळेच्या दारात उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, चेहरा तापलेला.

"टीचरम्मा, पोरीचं नाव काढा."

"का? काय झालं?"

"काय व्हायचं राहिलंय? मेव्हण्यानं चाळीस कोकरं सांभाळायला दिली. नवी कोकरं, मला तोंडं ओळखीची नाहीत. मी बाजाराला गेलो होतो, हिला म्हटलं, वाडग्यात घेताना मोजून घे. आल्यावर म्हणते एकोणचाळीस. दुसरा अख्खा दिवस मी डोंगर पालथा घातला. काट्यांनी पाय फाटले. लांडग्यानं नेलं म्हणून मेव्हण्याकडं निरोप धाडला. आणि परवा जोड्या लावून मोजतो तर वीस जोड्या! चाळीसच्या चाळीस. सगळं गाव हसतंय, गट्टय्या वाडग्यातलं कोकरू डोंगरात शोधतोय म्हणून."

वर्गातली दोन पोरं फिसकन हसली. बाईंनी नुसतं बघितलं, हसू विरलं.

"वर्ष होत आलं शाळेत घालून," गट्टय्या म्हणाला. "त्यापेक्षा न शिकलेली माझी बायको बरी. चार दिवसांनी कळप घेऊन गोदावरीकडं निघतोय. पोरीला बरोबर नेतो. कोकरं उचलून तरी घेईल."

"गट्टय्या, पावसाळ्यापर्यंत नेलीस तर ती परत शाळेत येणार नाही. मला माहितीय. एकदा गेलेली पोर परत येत नाही."

"येऊन तरी काय करणार? एकोणचाळीस?"

एवढं बोलून गट्टय्या गेला. बीरव्वा भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्यानं फरशी खरवडत होती. बापाबरोबर हिंडायला मिळणार म्हणून तिनं खूश व्हायला हवं होतं, पण डोळे भरले होते. जागेवर जाता जाता तिनं विचारलं, "टीचर, मी गेल्यावर माझी पाटी कुणाला देणार?" बाई म्हणाल्या, "गप बस. शाळा सुटल्यावर थांब."

शाळा सुटली. दोघीच वर्गात. बाईंनी बिया मांडल्या. बारा. बीरव्वा म्हणाली अकरा. आठ. सात. बाईंनी तिचं बोट धरून मोजलं, तेव्हा बरोबर. सोडलं की पुन्हा एकानं कमी. तासभर डोकं आपटून बाई थकल्या. रागानं त्यांनी सगळ्या बिया फडक्यात गोळा केल्या. एक बी तेवढी कड्यात राहून गेली. उचलायला हात पुढं केला आणि सहज, चिडूनच म्हणाल्या, "ही एक तरी मोज, बाई."

बीरव्वानं बीवर बोट ठेवलं. ओठ किंचित हलले. आणि ती गप्प बसली.

"किती?"

पोरीचं बोट बीवरच.

"अगं, किती आहेत?"

"अजून सुरू कुठं झालंय?"

"काय सुरू?"

"मोजणं." पोरीनं दाराकडं बघितलं, तोंडावर हात धरला आणि हळूच म्हणाली, "हा तर लाभ आहे."

भूलक्ष्मी टीचरांनी फडकं बाजूला ठेवलं. मग सावकाश, आवाज न चढवता, त्यांनी ती एक बीसुद्धा उचलली. "आता किती?" "आता रिकामं. शून्य. तुम्हीच शिकवलंय." एक बी ठेवली. "लाभ." दुसरी ठेवली. "एक." तिसरी. "दोन." पोरीचा हिशेब चोख होता. तिच्या घरात शून्य आणि एक यांच्यामध्ये एक खोली जास्तीची होती, एवढंच.

"तू रोज लाभ म्हणतेस?"

"मनातल्या मनात. मोठ्यानं म्हटलं की तुम्ही एका पायावर उभं करता."

"मग म्हणतेसच कशाला?"

"नाही म्हटलं तर ताता म्हणतो, लक्ष्मी उठून जाते घरातून." मग जरा विचार करून, "आणि तुम्ही म्हणता, एकापासून सुरू करा. म्हणून लाभ झाल्यावर मी एकापासून सुरू करते."

बाईंना काय वाटलं ते त्या पुढं कित्येक वर्षं सांगत. म्हणायच्या, त्या क्षणी धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. पोरीनं आज्याचंही ऐकलं होतं आणि टीचरचंही. कुणाचा शब्द मोडला नव्हता. लाभ मोठ्यानं म्हटला असता तर पहिल्याच दिवशी चूक कळली असती. त्यांनीच तो शब्द पोरीच्या पोटात ढकलला आणि वर तिला मंद म्हणाल्या. मग त्यांना मागची पोरं आठवायला लागली. कुंभाराचा एक, धोब्याची एक, आणखी कोण कोण, एकानं चुकणारी आणि मध्येच शाळा सोडून गेलेली. त्यांच्या पोटात काय होतं, हे आता कुणाला विचारणार? त्यांनी हजेरीची वही काढली, पेन्सिलीचा तो शब्द खोडरबरानं घासला, आणि पोरीसमोर पदर डोळ्यांना लावला. बीरव्वा घाबरली. "टीचर, परत नाही म्हणणार मी लाभ." "म्हण," बाई म्हणाल्या. "शंभरदा म्हण."

पोरीला तिथल्या तिथं सांगता आलं असतं, लाभ सोड. पण बाईंना दोन मोठ्या माणसांत पोरीला चिरायचं नव्हतं. त्या थेट ओदेलूच्या अंगणात गेल्या.

"ताता, उद्या शाळेत ये. माप घेऊन."

"मी? शाळेत?" म्हातारा हसला. "माझ्या अंगाला मेंढराचा वास येतो, टीचरम्मा."

"माझ्या अंगाला खडूचा येतो. नऊ वाजता ये."

दुसऱ्या दिवशी म्हातारा आला. धुतलेलं धोतर, डोक्याला तांबडं मुंडासं, काखेत पितळी पट्ट्यांचं लाकडी माप. बाईंनी वाळूचा ढीग तयार ठेवला होता. तो बघून ओदेलू मागं सरला. "वाळूला लाभ म्हणू? जीभ झडेल माझी." झाली पंचाईत. पोरांना घरी पिटाळलं. ज्यानं त्यानं ओंजळ ओंजळ भात आणलं, चार घरच्या आया काय खेळ चाललाय म्हणून मागोमाग आल्या. ढीग झाला. म्हातारा मांडी घालून बसला, मापाला हात लावून कपाळाला लावला आणि भरलं माप पलीकडं ओतलं.

"लाभ…" दुसरं ओतलं. "दोन… तीन…"

"थांब ताता." बाई बीरव्वाकडं वळल्या. "लाभ झाल्यावर ताता काय म्हणाला?"

"एक," पोरगी ठामपणे म्हणाली.

"परत ऐक. मनात काही म्हणू नकोस. नुसतं ऐक."

"लाभ… दोन…"

बीरव्वा उठून उभी राहिली. ज्या मांडीवर ती वाढली तिथं बसून हा आवाज तिनं हजारदा ऐकला होता, पण शाळेत यायला लागल्यापासून तिच्या मनात तिचीच मोजणी चाललेली असायची. "ताता, तुझा एक कुठं गेला?"

"कुठं जातोय? लाभ म्हणजेच एक, वेडे. पहिल्याला नावानं हाक मारत नाहीत, मान देतात. तुझी आई माझ्या बायकोला, म्हणजे तिच्या सासूला, कधी नावानं हाक मारायची काय? म्हणून सासू दोन झाल्या होत्या काय घरात?"

दारातल्या बाया खो खो हसल्या. "एकच पुरून उरली होती, मामा!" त्यातली एक म्हणाली.

बीरव्वा मात्र हसली नाही. ती खाली बसली आणि भाताच्या ओंजळी ओळीनं मांडून बोट लावत मोजायला लागली. लाभ, दोन, तीन, चार. मग त्याच ओंजळी पुन्हा, एक, दोन, तीन, चार. दोन्हींचा शेवट एकाच ठिकाणी आला. तिनं वर बघितलं, आणि तिच्या तोंडावर जे आलं ते बघायला बाईंनी आणखी बावीस वर्षं सायकल मारली असती.

मग बाई वर्गापुढं उभ्या राहिल्या. "ऐका रे सगळे. बीरव्वाचं डोकं ठीक होतं. माझे कान बंद होते. सात महिने मी तिला उगाच उभं केलं. आता माझी पाळी." आणि सत्तेचाळीस वर्षांची ती बाई, साडी सावरून, खिडकीचा गज धरून एका पायावर उभी राहिली. पोरांना आधी खरंच वाटेना. मग सगळ्यांनी एका सुरात मोजायला सुरुवात केली, लाभ, दोन, तीन. पन्नासपर्यंत मोजलं. ओदेलू "पुरे रे, पुरे" म्हणत राहिला, पण पोरं कसली ऐकतात.

त्याच संध्याकाळी बाई बीरव्वाला घेऊन गट्टय्याच्या वाडग्यावर गेल्या. काट्यांच्या कुंपणाला एका वेळी एकच जनावर जाईल एवढी फट होती. कोकरं आत यायला लागली तशी बीरव्वानं प्रत्येकाच्या पाठीला हात लावून मोठ्यानं मोजलं. लाभपासून सुरुवात आणि शेवटाला चाळीस. गट्टय्यानं परत जोड्या लावल्या. वीस जोड्या.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता वाटेत उपयोगी पडेल. मोजायला माणूस झालं."

बाईंचं डोकं सणकलं. "अरे कर्मा! नाही आलं म्हणून नेतोस, आलं म्हणूनही नेतोस?"

"मग काय करू? रोज दोन वेळा मोजावं लागतं वाटेत."

बाई तोंड उघडून भांडायला निघाल्या होत्या, पण थांबल्या. "गट्टय्या, एक ऐक. तुझे पाय काट्यांनी फाटले ते हिच्यामुळं नाही, माझ्यामुळं. मी हिचा लाभ बंद केला. तिनं तो गिळला आणि हिशेबातलं कोकरू गेलं. गाव तुला हसलं, त्याचा दोषही माझा. मेव्हण्याला सांग, टीचरनं चुकवलं. शिक्षा करायची तर मला कर. तिला नको."

गट्टय्या बघतच राहिला. तलाठी, फॉरेस्टवाला, दवाखान्यातला डॉक्टर, एवढ्या शिकलेल्या माणसांशी त्याचा आयुष्यात संबंध आला, पण माझं चुकलं असं त्याला अजून कुणी म्हटलं नव्हतं. तो खाली वाकून कुंपणाच्या फटीत काटेरी फांदी ओढत राहिला. बाई वाट बघून निघाल्या. सायकल हातात धरून पायीच गेल्या, कारण डोळ्यांपुढं रस्ता नीट दिसत नव्हता.

निघायचा दिवस उजाडला. कुरुमांचे कळप जातात तेव्हा अर्धं गाव वेशीवर असतं. घरी ओदेलू आणि बीरव्वाची थोरली चुलती राहणार होती, बाकी सगळी निघाली होती. गाढवांवर भांडी, घोंगड्या आणि चालता न येणारी कोकरं. बीरव्वाचं बोचकं बांधून एका गाढवावर टाकलेलं बाईंनी लांबूनच बघितलं आणि त्या तिथंच थबकल्या.

गट्टय्यानं हाक मारली. "बीरव्वा, ये इकडं. सगळी मोज. मोठ्यानं."

वेशीलगतच्या वाडग्याची फट उघडली. मेंढरं एकेक करून बाहेर पडायला लागली आणि पोरीचा आवाज वेशीवर घुमायला लागला. लाभ, दोन, तीन. धूळ उडत होती, कुत्री भुंकत होती, बाया निरोप देत होत्या, पण पोरगी एकदाही अडखळली नाही. शेवटची लंगडी मेंढी बाहेर आली. "एकशे सत्तावीस."

"नीट ध्यानात ठेव," गट्टय्या म्हणाला. मग गाढवावरचं बोचकं ओढून त्यानं जमिनीवर टाकलं. बाईंकडं न बघता, जरा जास्तच मोठ्या आवाजात तो म्हणाला, "टीचरम्मा, आमच्यात एक रीत आहे. जाताना गावच्या वेशीवर ज्यानं कळप मोजला, त्यानंच येताना वेशीवर उभं राहून मोजून आत घ्यायचा. आता ही आमच्याबरोबरच आली, तर इथं वेशीवर उभं कोण राहणार?"

बरोबर जाऊन परत आलेलं माणूससुद्धा वेशीवर उभं राहू शकतं, हे दुसरीतलं पोरही सांगेल. बाईंच्या जिभेवर आलंच होतं. बावीस वर्षांत कुणाचीही चूक दुरुस्त केल्याशिवाय न राहिलेल्या त्या बाईनं ते वाक्य पाण्याच्या घोटासारखं गिळून टाकलं.

ओदेलू साठ वर्षं मेंढरांमागं हिंडला होता. अशी रीत त्यानं जन्मात ऐकली नव्हती. त्यानं लेकाकडं बघितलं, नातीकडं बघितलं, मुंडासं सारखं केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "हो, आहे. माझ्या आज्यापासून आहे."